दामोदर कोसंबींचे विसरलेले गणित

गोमंतकात वाचनाची थोडीफार आवड असलेल्या माणसाला कोसंबी हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. थोरले धर्मानंद कोसंबी म्हणजे १८९९ साली बुद्धाच्या शोधात घरदार सोडून निघालेला सांकवाळचा तरुण. पुढे ते पाली भाषेचे जगन्मान्य पंडित झाले आणि 'निवेदन' हे मराठीतले एक प्रांजळ आत्मचरित्र लिहून गेले. त्यांचे चिरंजीव दामोदर म्हणजे 'मिथ अँड रिअॅलिटी' लिहिणारे, प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाची दिशाच बदलून टाकणारे इतिहासकार. आमचे सरकार त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव भरवते, टपाल खात्याने २००८ साली त्यांचे तिकीट काढले. हे दोन वारसे आपण बऱ्यापैकी जपले.

पण एक तिसरा वारसा आहे. तो आपण जपला तर नाहीच, त्याची ओळखही करून घेतली नाही. दामोदर कोसंबी व्यवसायाने इतिहासकार नव्हतेच. पगार त्यांना मिळत होता तो गणित शिकवण्याचा आणि गणितातल्या संशोधनाचा. त्या गणितातला १९४३ सालचा एक लेख असा आहे की त्याच्या विचाराची सावली आपल्या मोबाईलमधल्या बहुतेक प्रत्येक फोटोवर पडलेली आहे. आज त्या लेखाविषयी लिहायचे आहे.

आता आमच्यासारख्या कला शाखेच्या पदवीधराने, आवक-जावक नोंदवह्यांत अर्धे आयुष्य काढलेल्या कारकुनाने या भानगडीत पडावे कशाला, असे कुणी विचारील. निमित्त घडले ते भाच्याचे. हा मुलगा भोपाळला शिवाजी नगरात, सरकारी क्वार्टरांच्या आणि जुन्या झाडांच्या वस्तीत वाढला. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. गणितात एम. एस्सी. झाला आणि आता त्याला सिग्नल प्रोसेसिंग शिकायचे आहे. त्याची तक्रार अशी, की इंजिनियरांची पुस्तके उघडली की सूत्रे ओळखीची वाटतात, पण ती कशासाठी हे कळत नाही. आणि गणिताच्या पुस्तकांत 'कशासाठी' हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मामाला गणितातले काय कळणार? पण इतिहास विचारायला पैसे पडत नाहीत. मी इतिहासाच्या दाराने आत शिरलो, तो थेट आपल्याच घरात येऊन पोहोचलो!

तर सुरुवात फूरिएपासून.

जोसेफ फूरिए हा १७६८ साली फ्रान्समधल्या ओसेर गावी एका शिंप्याच्या घरी जन्मला. लहानपणीच आईबाप गेले. क्रांतीच्या धामधुमीतून कसाबसा वाचला. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा त्याने विद्वानांचा एक ताफाच बरोबर नेला होता. त्यात फूरिए होता. कैरोत स्थापन झालेल्या विद्वत्संस्थेचा तो सचिव झाला. परत आल्यावर त्याला गणित शिकवायचे होते, पण नेपोलियनने त्याला ग्रनोब्ल येथे इझेर प्रांताचा प्रिफे नेमले. प्रिफे म्हणजे आपल्याकडचा कलेक्टरच म्हणा ना! दलदली कोरड्या करणे, आल्प्समधून तुरीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर देखरेख ठेवणे, असली कामे दिवसभर आणि उरल्या वेळात गणित. सरकारी नोकराने फावल्या वेळात काय करावे याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

त्याचा प्रश्न उष्णतेचा होता. लोखंडाची कांब एका टोकाला तापवली तर उष्णता तिच्यातून कशी पसरते? १८०७ साली त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे निबंध ठेवला. त्यात एक धाडसी विधान होते. कसलीही वक्ररेषा घ्या, तुटक घ्या, कोनाकोनांची घ्या, ती साइन आणि कोसाइन या गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून उभी करता येते. परीक्षक होते लाग्रांज, लाप्लास, माँज आणि लाक्र्वा. लाग्रांजला हे मुळीच पटले नाही. कोपरे असलेली आकृती गोल लाटांतून कशी घडेल? निबंध छापला गेला नाही. पुढे त्याच विषयावर स्पर्धा जाहीर झाली, फूरिएने १८११ साली सुधारलेला निबंध पाठवला, त्याला बक्षीसही मिळाले, पण काटेकोरपणा कमी पडतो हा शेरा त्यावर होताच. शेवटी १८२२ साली त्याचा 'उष्णतेचा विश्लेषणात्मक सिद्धांत' हा ग्रंथ बाहेर पडला.

योगायोग पाहा. याच १८२२ साली शाँपोलिओंने इजिप्तची चित्रलिपी उलगडल्याचे जाहीर केले, आणि हा शाँपोलिओं ग्रनोब्लमध्ये शिकत असताना तिथल्या प्रिफेच्या, म्हणजे फूरिएच्या, ओळखीतला होता. इजिप्तवरच्या फ्रेंचांच्या महाग्रंथाची ऐतिहासिक प्रस्तावनाही फूरिएने लिहिली. गणित आणि प्राचीन इतिहास एकाच माणसाच्या टेबलावर! हे वाचताना मला आपल्या कोसंबींची आठवण झाली, ती तिथूनच.

फूरिएचे म्हणणे आपल्या माणसाला समजायला खरे तर अवघड नाही. तंबोरा छेडणाऱ्या कुणालाही विचारा. खर्जाची तार एकच, आघात एकच, पण तार नीट लागली आणि जवारी खुलली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो कुठून येतो? तार एकाच वेळी अनेक प्रकारे कंप पावते. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे स्वर तिच्यात दडलेले असतात. त्यातला पाचपटीचा स्वर म्हणजे दोन सप्तके वरचा गंधार. आपला कान ऐकतो ती एक लहर, पण ती अनेक लाटांची बेरीज असते, आणि तयार कान ती बेरीज सोडवूनही ऐकतो. फूरिएचे गणित हेच काम कागदावर करते. कोणत्या लाटेचा वाटा किती, ते सांगते.

दुसरे उदाहरण आपल्या समुद्राचे. रांपणकाराला विचारा, तो सांगेल की अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येते आणि अष्टमीच्या सुमाराला भांग असते. याचे कारण असे की भरतीच्या पाण्यात दोन मोठ्या लाटा मिसळलेल्या आहेत. सूर्याची लाट दर १२ तासांनी येते, चंद्राची दर १२ तास २५ मिनिटांनी. दोघी एकत्र शिखरावर पोहोचल्या की उधाण, एक वर आणि दुसरी खाली असली की भांग. सुमारे पंधरवड्याने त्यांची पुन्हा गाठ पडते. यांच्याशिवाय लहानमोठ्या आणखी कितीतरी लाटा असतात. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विनने या लाटांची बेरीज करणारे चाकांचे आणि कप्प्यांचे यंत्र बनवले. भारतातल्या बंदरांचे भरतीचे तक्ते करायला १८७९ साली असेच एक यंत्र इंग्लंडात तयार झाले. मुरगाव बंदरात आज जहाज कधी आत घ्यायचे हे ज्या तक्त्यावरून ठरते, त्याच्या मुळाशी फूरिएच बसलेला आहे.

आता माझ्या भाच्यासारख्या गणितवाल्याला हे कसे सांगावे? त्याला सदिश ठाऊक असतात. खोलीतल्या कुठल्याही बिंदूची जागा सांगायला तीन अक्ष लागतात, एकमेकांना काटकोनात असलेले. बिंदूची प्रत्येक अक्षावर सावली किती लांब पडते ते मोजले की काम झाले. फूरिएच्या लाटा म्हणजे असेच अक्ष आहेत, फक्त तीन नव्हे तर अनंत. दोन वेगळ्या लाटा एकमेकींशी गुणून पूर्ण कालखंडावर बेरीज केली तर उत्तर शून्य येते, म्हणजे त्या एकमेकींना काटकोनात आहेत. सिग्नलची एकेका लाटेवर पडणारी सावली मोजायची, एवढेच फूरिएचे सूत्र. विद्यापीठात जे 'अंतर्गुणन' म्हणून शिकवतात तेच हे. इतके लक्षात आले की पुस्तकातली निम्मी भीती जाते.

गणितवाल्यांची खरी अडचण पुढेच आहे. ती बेरीज नेमकी कधी जुळते, कुठल्या बिंदूवर जुळते, या प्रश्नापाशी तो थबकतो. लाग्रांज थबकला तिथेच. आणि हे थबकणे वाया गेलेले नाही. १८२९ साली डिरिक्लेने पहिले भक्कम उत्तर दिले. पुढे रीमानने संकलनाची नवी व्याख्या केली. १८७० च्या सुमाराला कांटोर याच लाटांच्या मालिकांचा एक प्रश्न सोडवता सोडवता अनंत संचांपर्यंत पोहोचला. म्हणजे आजच्या गणिताचा पायाच मुळी या शंकेतून घातला गेला. इंजिनियर मात्र थबकत नाही. त्याला आवाजातली खरखर काढायची असते. दोघांनीही एकमेकांकडून थोडे घ्यावे, असे मला या इतिहासावरून वाटते.

आता येऊ आपल्या माणसाकडे.

दामोदर कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. १९१८ साली वडिलांबरोबर ते अमेरिकेत केंब्रिजला गेले. धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करत होते. हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे एक सहकारी होते लिओ वीनर. त्यांचा मुलगा नॉर्बर्ट वीनर, बालपणीच पदवी घेऊन गाजलेला. या नॉर्बर्टची आणि पोरसवदा दामोदरची ओळख झाली. पुढे हाच नॉर्बर्ट वीनर सिग्नल प्रोसेसिंगच्या आद्य पुरुषांपैकी एक झाला. ज्या लहरी नियमाने पुन्हा पुन्हा येत नाहीत, ज्यांत यदृच्छेचा भाग असतो, त्यांचे फूरिए-विश्लेषण कसे करायचे हे त्याने १९३० साली मांडले.

दामोदर १९२९ साली हार्वर्डमधून सर्वोच्च श्रेणीत पदवीधर होऊन परतले. आधी बनारस, मग अलीगढ. अलीगढला त्यांच्याबरोबर आंद्रे वेय हा तरुण फ्रेंच गणिती होता. त्याच्या चिथावणीवरून कोसंबींनी १९३१ साली 'बूर्बाकी' नावाच्या, जगात नसलेल्या गणितज्ञाचा हवाला देऊन एक लेख छापला! पुढे वेय आणि त्याच्या फ्रेंच मित्रांनी हेच टोपणनाव घेऊन गणिताची ग्रंथमाला लिहिली, तेव्हा हे नाव जगभर गाजले. १९३३ साली कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तिथे शिकवत राहिले.

फर्ग्युसनच्या त्या काळातच, १९४३ साली, 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'त त्यांचा लेख आला. मराठीत त्याचे नाव होईल 'फलन-अवकाशातले संख्याशास्त्र'. बाहेर दुसरे महायुद्ध पेटलेले होते. अमेरिकेत नॉर्बर्ट वीनर विमानवेधी तोफांसाठी गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढण्याचे गणित करत होता. इकडे पुण्यात कोसंबी यदृच्छेने बदलणाऱ्या वक्ररेषांचा विचार करत होते.

त्या लेखातली कल्पना मला जशी समजली तशी सांगतो. फूरिएच्या लाटा या तयार कपड्यासारख्या असतात. माणूस कोणीही येवो, माप ठरलेले. साइन, कोसाइन, त्यांच्या पटी. सगळ्यांना घालता येतात, पण सगळ्यांना सारख्या नेमक्या बसत नाहीत. कुणाला चार लाटा पुरतात, कुणाला चारशे लागतात. कोसंबींच्या वाटेने गेले की प्रश्न उलटा होतो. अक्ष आधी ठरवायचेच कशाला? ज्या सिग्नलांचा अभ्यास करायचा त्यांचाच मोठा समूह घ्या. त्यात एका क्षणीची किंमत दुसऱ्या क्षणीच्या किमतीबरोबर किती वरखाली होते, ते पाहा. संख्याशास्त्रात याला कोव्हेरियन्स म्हणतात. या कोव्हेरियन्समधूनच अक्ष काढा. पहिला अक्ष असा की समूहातला जास्तीत जास्त फरक त्या एकाच अक्षावर टिपला जावा. उरलेल्यातला जास्तीत जास्त दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. म्हणजे अंगाचे माप घेऊन शिवलेला कपडा. गणिताच्या विद्यार्थ्याला एका वाक्यात सांगायचे तर हे कोव्हेरियन्सचे आयगेन-फलन होय. शिंप्याचा मुलगा होता फूरिए, पण माप घेऊन शिवण्याचे काम आमच्या गोंयकाराने केले!

हा विचार अगदी निराधार, आकाशातून पडलेला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आकडे मोजके असतील तेव्हा असे अक्ष काढण्याची रीत कार्ल पिअर्सनने १९०१ साली आणि हॅरल्ड होटेलिंगने १९३३ साली दाखवली होती. पण अखंड बदलत जाणाऱ्या वक्ररेषांना, म्हणजेच सिग्नलांना, ती लागू करणे ही पुढची आणि मोठी उडी. फिनलंडच्या कारी कारुनेन यांचे याविषयीचे लेखन १९४६-४७ चे, फ्रान्समधले मिशेल लोएव यांचे १९४८ चे. कोसंबी १९४३ चे. तारखा बोलतात.

आणि तरीही जगभरच्या पुस्तकांत या पद्धतीचे नाव रूढ झाले ते 'कारुनेन-लोएव'! आमचा माणूस गेला कुठे?

याची कारणे शोधताना मला एक तुलना उपयोगी पडली. याच सुमारास, १९४४ साली, कोसंबींनी अनुवंशशास्त्रात एक सूत्र दिले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे मोजण्याचे ते सूत्र. ते आजही 'कोसंबी मॅपिंग फंक्शन' याच नावाने ओळखले जाते. पिकांच्या जातींवर संशोधन करणारा माणूस ते रोज वापरतो. मग एका ठिकाणी नाव टिकले आणि दुसऱ्या ठिकाणी पुसले गेले, असे का? अनुवंशाचा लेख छापला गेला लंडनच्या नियतकालिकात, ते अनुवंशशास्त्रज्ञ वाचतच होते, आणि सूत्र हातात पडताच वापरता येत होते. सिग्नलांचा लेख छापला गेला भारतीय गणित मंडळाच्या नियतकालिकात, ऐन युद्धात. रेडिओ आणि रडारवाले इंजिनियर ते कुठून वाचणार? वापरायचे म्हटले तरी त्यासाठी लागणारी आकडेमोड करणारी यंत्रे तेव्हा नव्हती. लोएव यांनी १९५५ साली संभाव्यतेवर जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिले, ते पिढ्यान्पिढ्या वाचले गेले. विद्यार्थी ज्या पुस्तकातून शिकतो त्या पुस्तकातले नाव त्याच्या तोंडी बसते. कोसंबींनी गणितावर असे पाठ्यपुस्तक लिहिले नाही, आणि त्यांचे मन तोवर नाण्यांत, सुभाषितांत, लेण्यांत गुंतले होते. इथे कुणी कट केला नाही, कुणी चोरी केली नाही. नावे अशीच हरवतात.

यंत्रांकडे त्यांचे लक्ष नव्हते असे मात्र नाही. १९४५ साली होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. १९४८-४९ साली युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते गणकयंत्रांचा अभ्यास करायला इंग्लंड-अमेरिकेला गेले, प्रिन्स्टनला फॉन नॉयमानसारख्यांशी चर्चा करून आले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन संध्याकाळी परतायचे, हा त्यांचा पुढे कित्येक वर्षांचा क्रम. १९६२ साली त्यांचे आणि संस्थेचे संबंध तुटले आणि २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १९६५ साली, अमेरिकेत कूली आणि टुकी यांनी फूरिएची आकडेमोड झपाट्याने करण्याची रीत प्रसिद्ध केली. साध्या रीतीने १,०२४ नमुन्यांचे विश्लेषण करायला दहा लाखांवर गुणाकार लागत. नव्या रीतीने ते काम दहा हजारांच्या घरात आले. म्हणजे शंभरपट बचत! नंतर कळले की अशीच युक्ती जर्मनीच्या गाउसने १८०५ च्या सुमाराला वहीत लिहून ठेवली होती. हरवण्यात आमचे कोसंबी एकटे नाहीत. तयार कपडे आता इतके स्वस्त झाले की शिंप्याकडे जाण्याचे कुणाला कारण उरले नाही.

आणि इथेच गोष्ट वळण घेते. बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद अमेरिकेत कॅन्सस राज्यात प्राध्यापक होते. चित्रे कमीत कमी जागेत कशी साठवावीत हा त्यांचा प्रश्न. त्यांना ठाऊक होते की या कामात सर्वांत उत्तम पद्धत म्हणजे कारुनेन-लोएव, म्हणजेच कोसंबींची. पण तिथे प्रत्येक वेळी नव्याने माप घ्यावे लागते, वेळ फार जातो. मग त्या मापाच्या जवळपास पोहोचणारा एखादा तयार कपडा मिळेल का? १९७४ साली त्यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर एक लेख प्रसिद्ध केला आणि असा कपडा दाखवला, 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. चित्रात शेजारशेजारचे ठिपके बहुधा एकाच रंगाचे असतात. अशा सिग्नलांना माप घेऊन शिवले तर जे अक्ष निघतात, ते कोसाइनच्या लाटांशी जवळजवळ जुळतात, हे त्यांनी आकड्यांनी पटवले. हा लेख आपले यश मोजतो ते कारुनेन-लोएवच्या कसोटीवर.

१९९२ साली जेपेग हे फोटोचे प्रमाण ठरले, ते याच कोसाइन पद्धतीवर. फोटोचे ८ गुणिले ८ असे ६४ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोन ६४ कोसाइन लाटांत फोडायचा, आणि ज्या लाटा डोळ्याला जाणवत नाहीत त्यांना रजा द्यायची. १.२ कोटी ठिपक्यांचा फोटो एरवी ३६ एमबी जागा खाईल, तो चार-पाच एमबीत बसतो. शिगमोच्या मिरवणुकीचा फोटो आपण दुबईतल्या भावाला पाठवतो, तेव्हा त्यामागे फूरिएच्या लाटा असतात आणि त्या लाटा कशा निवडाव्यात याचे माप कोसंबींच्या विचाराचे असते.

कोसंबींना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, त्यांच्या इतिहासातही हीच नजर आहे, हे मला या वाचनात प्रथम नीट दिसले. प्राचीन काळातली चांदीची आहत नाणी त्यांनी तराजूत एकेक करून तोलली. टाकसाळीतून निघताना नाण्यांचे वजन जवळजवळ सारखे असते. हातोहात फिरताना ती झिजतात, काही थोडी, काही जास्त. म्हणजे काळ जाईल तसे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यातला फरक वाढतो. एकटे नाणे काहीच सांगत नाही, त्याची झीज निव्वळ योगायोगाची. पण ढीग तोलला की योगायोग एकमेकांना खोडून काढतात आणि मागे उरतो तो काळाचा ठसा. हे खरे की खोटे हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या काळातली चलनातली नाणीही तोलून पाहिली. गोंगाटातून संकेत वेगळा काढणे याहून वेगळे काय असते? राजांच्या वंशावळींवर विसंबणाऱ्या इतिहासाला त्यांनी दिलेले हे उत्तर गणितज्ञाचे होते.

एका गोष्टीची मला खंत वाटते. इतिहासकार कोसंबी मराठीत आले, वाचले गेले, त्यांच्यावर वाद झाले. गणिती कोसंबींचे निवडक लेख मात्र ग्रंथरूपाने एकत्र आले ते २०१६ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर बरोबर ५० वर्षांनी, रामकृष्ण रामस्वामी यांच्या संपादनाखाली, इंग्रजीत. मराठीत किंवा कोंकणीत त्यांच्या गणिताचा साधा परिचयही सहजी हाताला लागत नाही. जेव्हा आपण गोव्याची प्रतिभा म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर गाणे येते, नाटक येते, कविता येते. ते योग्यच आहे. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीत बसून आंतरतारकीय अवकाशात गेली. दुसरे यान निघाले ५ सप्टेंबर १९७७ रोजी आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. याचा अभिमान कुणाला वाटणार नाही? पण आवाज आणि चित्रे लहरींच्या रूपाने मांडण्याची जी विद्या आहे, तिच्यातही आपल्या मातीतल्या एका माणसाचा वाटा आहे. तो आपल्या अभिमानाच्या यादीत नाही.

गणिताकडून या विषयाकडे येणाऱ्या मुलांना मी काय सांगणार? जे इतिहासाने शिकवले तेच. आधी सदिश आणि सावल्या पक्क्या करा, मग फूरिएची मालिका. त्यानंतर नमुने घेण्याचा नियम पाहा. माणसाचा कान साधारण २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, म्हणून सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने का घेतात, ते स्वतः ताडून पाहा. मग कूली-टुकी, मग गाळण्या, आणि शेवटी यदृच्छा आणि कोव्हेरियन्स, म्हणजे कोसंबी. वाटेत कागदावरच थांबू नका. ऑडॅसिटीसारखे फुकट सॉफ्टवेअर घ्या, तंबोऱ्याची एक तार ध्वनिमुद्रित करा आणि आलेखात पाचव्या जागी स्वयंभू गंधाराचे शिखर उभे राहते का ते डोळ्यांनी पाहा. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. विक्रम गद्रे यांची या विषयावरची व्याख्याने इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतात.

आणि पुस्तकात जिथे 'कारुनेन-लोएव' लिहिलेले आढळेल तिथे पेन्सिलीने समासात 'कोसंबी, पुणे, १९४३' एवढे लिहून ठेवा. काही लेखक आता तिन्ही नावे एकत्र लिहू लागले आहेत. पाठ्यपुस्तके बदलायला वेळ लागतो, समास आपल्या हातात असतो.